समोरचें बेट

अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें गेल्या हिंवाळ्यांत वेस्ट इंडीज द्वीपसमूहांतील सेंट किट्स नांवाच्या एका लहानशा बेटाची सहल केली, आणि परत गेल्यावर तिचें सविस्तर वर्णन आम्हांस लिहून पाठविलें. आलेलें पत्र सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्याचा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. त्याप्रमाणें तें रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत वाचलें गेलें. ब्रिमस्टोन हिल नामक डोंगरावरील इंग्रजांचा प्रचंड किल्ला, एका बाजूस अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र एकदम दिसतो अशी टेकडी, पूर्वीं उंसाच्या वाहतुकीसाठीं घातलेली आणि आतां प्रवाशांस हिंडविणारी लहान आगगाडी, झाडांवरचीं माकडें, आणि डोळ्यांस कांचेचा चष्मा लावून पाण्याखालचीं पोवळीं व रंगीबेरंगी मासे पाहण्याची मौज, असें सर्व कांहीं त्यांत होतें. शेवटीं त्यानें लिहिलें होतें, "आमची आगबोट सकाळीं लागली आणि सायंकाळीं सुटली. तेवढ्या वेळांत सगळें पाहून झालें."

वाचन संपल्यावर आमची थोरली बहीण आक्का म्हणाली, "अरे, किल्ला, माड, मासे, पोवळीं, हें सगळें आपल्या समोरच्या बेटावर नाहीं का?" आणि थोडें थांबून पुढें म्हणाली, "मीं मात्र तें कधीं पाहिलें नाहीं."

हें ऐकून आम्ही सारे चकित झालों. आक्काचा जन्म मालवणचा. बंदरावर उभें राहिलें कीं अर्ध्या मैलावर सिंधुदुर्गाचा काळा तट पाण्यांतून वर आलेला दिसतो. तो पाहत ती अठरा वर्षांची झाली, मग लग्न होऊन सांगलीस गेली, आणि आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं माहेरपणास आलेली असतां सांगते कीं, त्या बेटावर आपलें पाऊल कधीं पडलें नाहीं! अति परिचयानें अवज्ञा होते, हें सुभाषितकारांचें म्हणणें आपण मुलांस पाठ करावयास लावतों. पण त्याचें उदाहरण आपल्याच घरांत साठ वर्षें बसलेलें असावें, याची आम्हांस कल्पना नव्हती.

कारण विचारतां तिनें सांगितलें तें असें. भाऊ मोठे झाले तसे वडिलांबरोबर होडीनें जाऊन आले. मुलींना मात्र "तुम्हांस कशाला पाण्यांत?" या एका वाक्यानें घरीं ठेवण्यांत आलें. समुद्रयानाचा निषेध आपल्या धर्मग्रंथांत आहे, ही गोष्ट खरी. बौधायनाच्या धर्मसूत्रांत तें पतनाचें कारण म्हणून सांगितलें आहे. पण त्याच सूत्रांत तो उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणूनहि नमूद आहे. अर्ध्या मैलाच्या पाण्यास समुद्रयान म्हणत नाहींत, हें आमच्या आजोबांनींहि मान्य केलें असतें. परंतु रूढि ही शास्त्रापेक्षां नेहमींच अधिक काटेकोर असते. ज्या समुद्रावर येथील गाबीत, भंडारी आणि कोळी बांधवांनीं पिढ्यान् पिढ्या घरसंसार चालविले आणि ज्यांच्या हिमतीवर शिवछत्रपतींचें आरमार उभें राहिलें, त्या समुद्राकडे आपण पांढरपेशे लोक ओसरीवरून पाहत बसलों.

तेव्हां आक्काला घेऊन सर्वांनीं सिंधुदुर्गास जावयाचें, असें त्याच रात्रीं ठरलें. त्या सहलींत आम्हांस जें दिसलें आणि आमच्या हातून जी चूक झाली, तीं दोन्हीं वाचकांच्या उपयोगीं पडावींत म्हणून हा महिना या बेटास दिला आहे.

प्रथम जाण्याच्या वेळेविषयीं. पावसाळ्यांत, म्हणजे साधारणपणें मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत, किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद असते. त्या दिवसांत कोणी खाजगी रीतीनें नेण्यास तयार झाला तरी जाऊं नये. पावसाळा सरल्यावर दर्या निवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुखाचे. बाहेरगांवाहून येणारांनीं कोंकण रेल्वेनें कुडाळ किंवा कणकवली येथें उतरून मोटारीनें मालवणास यावें. २०२१ सालापासून जवळच चिपी येथें विमानतळहि झाला आहे. होडी मालवणच्या धक्क्यावरून मिळते आणि पाऊण घटका पुरी व्हावयाच्या आंत पलीकडे पोंचविते. होडींत बसतांच जीवरक्षक जाकीट अंगांत घालावें. "एवढ्याशा अंतरासाठीं कशाला?" असें म्हणणारे प्रत्येक कुटुंबांत एक दोन असतातच. २०२२ च्या मे महिन्यांत शेजारच्या तारकर्लीपाशीं पर्यटकांची नौका किनाऱ्याजवळच उलटून दोघे जण दगावले, हें त्यांस सांगावें. डोक्यास टोपी किंवा पदर, पायांत न घसरणारीं पायताणें, आणि बरोबर पिण्याचें पाणी असूं द्यावें.

होडी सरळ रेषेंत जात नाहीं, हें मुलांस मुद्दाम दाखवावें. ती वळणें घेत जाते, कारण बेटाच्या भोंवतालीं पाण्याखालीं खडकांच्या रांगा आहेत. वाट ठाऊक असलेल्या नावाड्यास त्या अडवीत नाहींत. अनोळखी गलबताचा मात्र तळ फोडतात. शिवाजी महाराजांनीं हें कुरटें बेट निवडलें त्याचें एक कारण हेंच. जंजिऱ्याचा सिद्दी, गोंव्याचे पोर्तुगीज, इंग्रज आणि डच या सर्वांच्या गलबतांचा या किनाऱ्यावर सुळसुळाट होता. त्यांस धाक बसेल असें ठाणें समुद्रांतच हवें होतें. ज्या १६६४ सालाच्या आरंभीं महाराजांनीं सुरत लुटली, त्याच सालाच्या नोव्हेंबरांत येथें पायाचा दगड बसला. हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखालीं सुमारें तीन वर्षांत काम पुरें झालें. पायाचे चिरे लाटांनीं हलूं नयेत म्हणून त्यांत शिसें ओतलें. बेटाचें क्षेत्र सुमारें ४८ एकर, तटाचा घेर सुमारें दोन मैल, उंची सरासरी तीस फूट आणि रुंदी बारा फूट. तट सरळ नसून नागमोडी आहे. त्यामुळें भिंतीशीं येऊं पाहणाऱ्या शत्रूवर दोन्हीं बाजूंनीं मारा करतां येत असे.

बेटापाशीं होडी येते तरी दरवाजा दिसत नाहीं. आमच्या नातीनें, जी पंधरा वर्षांची असून सर्व गोष्टींविषयीं संशय घेते, "आजोबा, आपण चुकीच्या बाजूस आलों," असें जाहीरहि करून टाकलें. दोन बुरुजांच्या कुशींत प्रवेशद्वार असें लपविलें आहे कीं, त्याच्या पुढ्यांत गेल्यावांचून त्याचा पत्ता लागूं नये. उतरतांना नावाड्यानें आक्काला हात दिला आणि म्हणाला, "आजये, हात धर माझो. भिया नको." साठ वर्षें सांगलीकडची भाषा बोललेली आमची बहीण एका क्षणांत उत्तरली, "भिता कोण रे? मी हयचीच!" नावाडी मोठ्यानें हंसला, आणि तेथून पुढें तिला उतरवून घेण्याचा मान त्यानें आम्हांकडे येऊं दिला नाहीं.

आतां आमच्या चुकीकडे वळतों. प्रवाशांस किल्ला पाहण्यास नावाडी साधारणपणें एक तास देतात. अधिक वेळ हवा असल्यास तें निघण्यापूर्वींच बोलून ठेवावें लागतें. आम्हीं तें केलें नाहीं. उलट, चाळीस वर्षें घंटेवर जगलेल्या मनुष्याच्या संवयीनें आम्हीं आदल्या रात्रींच एक वेळापत्रक तयार केलें होतें: दरवाजा दहा मिनिटें, तट वीस मिनिटें, मंदिर पंधरा मिनिटें, विहिरी दहा मिनिटें, परतीस पांच मिनिटें. कागदावर तें निर्दोष होतें. प्रत्यक्षांत मुलें तटावर चढलीं तीं खालीं येईनात. त्यांना हांका मारण्यांत आमचा वेळ गेला. आक्का गुडघ्यांमुळें सावकाश चालत होती. ती शिवराजेश्वराच्या मंदिरापर्यंत पोंचली, दर्शन घेऊन क्षणभर टेकली, आणि इतक्यांत तास भरला. विहिरी राहिल्या. आणि आक्काला जर कांहीं पाहावयाचें होतें तर तें विहिरींचें पाणीच. भाऊ लहानपणीं किल्ल्यावरून आले कीं दूधबावीच्या गोड पाण्याची बढाई मारीत, आणि ती तिनें साठ वर्षें लक्षांत ठेविली होती. "राहूं दे," ती म्हणाली, "देव पाहिला, पुष्कळ झालें." तिनें राग केला असता तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवशीं तिचे गुडघे सुजले, आणि वैद्यांनीं पायऱ्या वर्ज्य सांगितल्या.

म्हणून सर्व कुटुंबप्रमुखांस आमची हात जोडून विनंती आहे कीं, या बेटास एक तास न देतां अर्धा दिवस तरी द्यावा, आणि सर्वांनीं सर्व कांहीं एकत्रच पाहिलें पाहिजे हा हट्ट सोडून कुटुंबाच्या तुकड्या कराव्या. ज्यांना पुन्हां येतां येण्याचा संभव कमी, त्यांचें आधीं. तरुणांस तट उद्यांहि आहे.

वृद्धांची व बायकामुलांची तुकडी दरवाजांतून सरळ सपाट वाटेनें निघावी. दरवाजाच्या आंत लहानसें मारुतीचें देऊळ आहे. जवळच तटांत दोन छोट्या घुमट्या असून त्यांत चुन्यावर उमटलेला हाताचा एक आणि पायाचा एक ठसा जपलेला आहे. ते महाराजांचे होत, अशी येथील परंपरा सांगते. तेथून पुढें माडांच्या सांवलींतून वाट शिवराजेश्वराच्या मंदिराकडे जाते. हें मंदिर राजाराम महाराजांनीं उभारविलें असें सांगतात. पुढचा सभामंडप कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. आंतील मूर्ति पाहून नवखा मनुष्य बुचकळ्यांत पडतो, कारण चित्रांतून आपल्या परिचयाची दाढी येथें नाहीं, आणि मस्तकावरील आच्छादन दर्यावर्दी लोकांच्या टोपीसारखें आहे. ज्या लोकांनीं महाराजांस पूजिलें त्यांनीं त्यांस आपलें रूप दिलें, असें आम्हांस तें पाहतांना वाटलें. येथें नित्य पूजा होते. कांदळगांवचा देव रामेश्वर ठराविक वर्षांच्या अंतरानें वाजतगाजत शिवराजेश्वराच्या भेटीस येतो, तो सोहळा पाहण्यासारखा असतो.

मंदिरानंतर विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशीं त्यांचीं नांवें. चोहों बाजूंनीं खारा समुद्र असतां मध्यें गोडें पाणी कसें, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतें, आणि "देवाची कृपा" एवढेंच उत्तर देऊन त्यास गप्प बसविणें योग्य नव्हे. देवाची कृपा आहेच, पण ती कोणत्या नियमानें चालते तें सांगावें. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असतें. पावसाचें पाणी जमिनींत मुरतें आणि भोंवतालून शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तुपासारखें तरंगून राहतें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर खालीं सुमारें चाळीस हात खोलपर्यंत तें असूं शकतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं बाडोन घायबेन आणि हर्झबर्ग या दोन युरोपीय विद्वानांनीं हा हिशेब मांडला. लक्षद्वीपचीं बेटें असोत कीं दूरच्या समुद्रांतलीं असोत, लहान बेटांवरील मनुष्यवस्ती पुष्कळदां याच आधारावर टिकलेली असते. याचा दुसरा अर्धाहि मुलांस सांगावा: हांवरेपणानें उपसा केला कीं खालचें खारें पाणी वर चढतें, आणि एकदां विटलेली विहीर सुधारण्यास वर्षें लागतात. किल्ल्यावर आजहि कांहीं कुटुंबें राहतात. पावसाळ्यांत दर्या खवळला कीं त्यांचा मालवणाशीं संबंध तुटतो. धान्य, औषध, मुलांची पुढली शाळा, सर्वच प्रश्न उभे राहतात. त्यांच्या अंगणांत फिरतांना आपण कोणाच्या तरी घरीं आलों आहों, हें विसरूं नये.

तरुणांच्या तुकडीनें तटाची प्रदक्षिणा करावी. पायऱ्या अरुंद आहेत आणि कांहीं ठिकाणीं कठडा नाहीं, म्हणून धांवूं नये. बुरूज मोजावेत, जंग्यांतून बाहेर पाहावें, आणि कोणत्या जंगीचा मारा कोठें पडेल याचा अंदाज करावा; भूमितीचा याहून चांगला पाठ आम्हांस चाळीस वर्षांत वर्गांत देतां आला नाहीं. पश्चिमेच्या अंगास तटाबाहेर लहानशी वाळूची किनार आहे, तिला राणीची वेळा म्हणतात. महाराणी ताराबाई तेथें समुद्रस्नानास जात, असें सांगतात. दोन फांद्या फुटलेला जो माड पाहण्यासाठीं पूर्वीं लोक येत, तो वीज पडून गेला. माडास शेंड्याला एकच कोंब असतो आणि वाढ तेथूनच होते, म्हणून फांदी फुटणें ही त्याच्या जातींत अत्यंत दुर्मिळ गोष्ट. वडील मंडळींनीं आठवणीनें ती जागा तरी मुलांस दाखवावी. तटावरून दिसणाऱ्या देखाव्यांत इतिहासहि दिसतो. १७६५ सालीं इंग्रजांनीं हा किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें. पण ठेवणें परवडेना आणि पाडणें साधेना, तेव्हां पैसा व हमी घेऊन त्यांनीं तो कोल्हापूरकरांस परत केला. १८१२ सालीं मालवण पुन्हां इंग्रजांकडे गेलें. त्यांनीं दिलेलें नांव आज कोणास आठवत नाहीं.

आतां पाण्याखालच्या सृष्टीविषयीं, कारण तिच्यावरून आमच्या घरांत वाद झाला. या किल्ल्याच्या भोंवतालचा समुद्र १९८७ सालापासून मालवण सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. चष्मा व श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत, किंवा हवेची टांकी पाठीस बांधून वाटाड्याबरोबर खालीं उतरून, येथें पोवळीं पाहतां येतात. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें या विद्येच्या शिक्षणासाठीं केंद्रहि काढलें. आमच्या नातीनें खालीं उतरण्याचा हट्ट धरला, आणि थोरले बंधू दादा यांनीं तितक्याच जोरानें नकार दिला. "मुलीच्या जातीला हें कशाला?" हें वाक्य त्यांच्या तोंडून पुरतें बाहेर पडावयाच्या आंतच खाटेवर पडलेली आक्का म्हणाली, "दादा, मला याच वयांत होडी नको म्हणालां. हिला पाणी नको म्हणूं नका." यावर दादा कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं एवढेंच विचारलें, "बरोबर जाणारा मनुष्य शिकलेला आहे ना?" प्रश्न योग्य होता, आणि प्रत्येक पालकानें तो विचारावा. प्रशिक्षित वाटाड्या, चांगलें साहित्य आणि शांत समुद्र, या तिहींपैकीं एक नसेल तर खुशाल परत यावें. दमा, हृदयविकार किंवा कानाचें दुखणें असणारांनीं वैद्यांच्या सल्ल्यावांचून उतरूं नये.

नात वर आली ती अर्धा तास अखंड बोलत होती. पोवळें हा दगड नसून प्राणी आहे, हें तिनें पुस्तकांत वाचलें होतें. डोळ्यांनीं पाहिल्यावर पटलें. असंख्य सूक्ष्म जीव चुन्याचें घर बांधून एकत्र राहतात, आणि त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देतें, यजमान त्यास आसरा देतो. आपल्या एकत्र कुटुंबासारखीच ही व्यवस्था. पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं ही वस्ती मोडते, शैवाल निघून जातें, पोवळें पांढरें पडतें, आणि ताप टिकला तर मरतें. अंगठींत घालावयाचें तांबडें पोवळें याहून निराळें. तें मुख्यत्वेंकरून भूमध्य समुद्रांतलें, आणि दोन हजार वर्षांपूर्वींहि तें आपल्या बंदरांत आयात होत असे. येथील पोवळें कोणीहि तोडूं नये, त्यावर पाय देऊन उभें राहूं नये, आणि मासे जवळ यावेत म्हणून पाण्यांत पावाचे तुकडे टाकूं नयेत. बोटभर वाढण्यास ज्यास वर्षें लागतात, तें एका लाथेनें मोडतें.

उरलेल्या वेळांत पाहण्यासारखें मालवणांतहि पुष्कळ आहे. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नांवाचा खडक आहे. त्यावर गणपति, सूर्य व चंद्र कोरलेले असून, किल्ल्याच्या पायाभरणीचें पूजन महाराजांनीं येथें केलें असें मानतात. ओहोटीच्या वेळीं दांडीच्या किनाऱ्याकडून पद्मगडावर चालत जातां येतें. भरतीची वेळ मात्र स्थानिक मनुष्यास विचारून घ्यावी. राजकोट आणि सर्जेकोट हे सिंधुदुर्गाचे इतर राखणदार. नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावर समुद्रास नारळ अर्पण होतो आणि बाजारांत नारळ लढविण्याचा खेळ रंगतो. मात्र त्या दिवसांत किल्ल्याची होडी बंद असते. आहाराविषयीं, मत्स्याहार करणाऱ्या सारस्वत बंधूंस आम्हीं कांहीं सांगण्याचें कारण नाहीं. शाकाहारी मंडळींनींहि काळजी करूं नये: ओल्या काजूची उसळ, आंबोळ्या, नारळाच्या गोड रसांतल्या शिरवाळ्या, सोलकढी, आणि परत जातांना गूळ व आलें घातलेलें मालवणी खाजें. एवढ्यावर कोणीहि उपाशी राहिल्याचें ऐकिवांत नाहीं.

२०२५ च्या जुलैंत पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली, आणि तींत सिंधुदुर्ग आहे. आमच्या पुतण्यानें पाहिलेला ब्रिमस्टोन हिलचा किल्ला हाच मान १९९९ सालीं पावला. तो किल्ला आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या हातांनीं बांधविलेला आहे, आणि तेथील उंसाच्या गोडीमागेंहि त्यांचेच अश्रु आहेत. हें त्याच्या पत्रांत नव्हतें. सकाळीं उतरून सायंकाळीं निघणाऱ्या मनुष्यास तें दिसणेंहि कठीण. पण त्यास हंसण्याचा अधिकार आम्हांस कसा पोंचतो? त्यानें परक्या बेटास एक दिवस दिला. आम्हीं आपल्या बेटास एक तास दिला, आणि तोहि घड्याळाकडे पाहत.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नात किल्ल्यावरून परतली तेव्हां तिच्या हातांत झांकण लावलेला एक तांब्या होता. पाणबुडीचा कार्यक्रम आटोपल्यावर ती चुलतभावास घेऊन पुन्हां बेटावर गेली होती. तिनें दूधबावीचें पाणी आणलें होतें, आणि होडींत तें हिंदकळूं नये म्हणून सारी वाट तांब्या मांडीवर धरून बसली होती. आक्का उठून बसली, दोन्हीं हातांनीं तांब्या धरून पाणी प्याली, आणि म्हणाली, "गोड आहे गं. भाऊ खोटें सांगत नव्हते." उरलेलें पाणी तिनें सकाळीं तुळशीस घातलें. त्यानंतर चार दिवसांनीं ती सांगलीस परत गेली.

पुतण्यास आम्हीं उत्तर लिहिलें आहे कीं, पुढील खेपेस मुलांना घेऊन ये, आणि समोरच्या बेटासाठीं एक आखा दिवस राखून ठेव. वेळापत्रक करण्याचें काम या वेळीं आमच्याकडे नसून नातीकडे दिलें आहे. तिनें त्यांत पहिली ओळ लिहिली आहे ती अशी: "आक्काआजीस पालखीसारखी खुर्ची करून विहिरीपर्यंत न्यावयाचें. मग बाकीचें."